साथ नसतानाच्या काळातली माणसे : महासाथीची सज्जता आणि सरकारी मनुष्यबळ

महासाथीला तोंड देण्यासाठी सरकारला तीन प्रकारची माणसे लागतात. काही माणसे बारा महिने रोगांवर नजर ठेवतात, काही संकट आले की निर्णय घेऊन हुकूम सोडतात आणि बाकीची साथ पसरल्यावर घरोघरी, दवाखान्यांत, प्रयोगशाळांत प्रत्यक्ष राबतात. या तिघांची गरज एकाच वेळी आणि सारख्या प्रमाणात लागत नाही. नजर ठेवणारे थोडे असले तरी चालतात, पण ते कायम हवेत. राबणारे हात मात्र एरवीच्या कितीतरी पट, तेही काही महिन्यांपुरते आणि लगेच लागतात. पंधरा-वीस वर्षांत एकदा ज्याची कसोटी लागते, त्या पदाचा पगार दर महिन्याला निघतो आणि अर्थखात्याच्या नजरेत ते पद अनावश्यक ठरत जाते. म्हणून बहुतेक देशांत साथ सरली की समिती बसते, अहवाल येतो, नवी पदे मंजूर होतात आणि काही वर्षांत ती रिक्त राहू लागतात किंवा दुसऱ्याच कामाला लावली जातात. या फेऱ्यातून थोडीफार सुटका झाली ती एकाच वाटेने. ज्या माणसाला साथ नसतानाही रोज भरपूर काम आहे, त्यालाच साथीसाठी तयार ठेवणे ही ती वाट.

मुंबई इलाख्यातल्या प्लेगने हा प्रश्न भारतापुढे पहिल्यांदा ठळकपणे उभा केला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातला रोग प्लेग असल्याचे ओळखणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळ गोव्याचे, मुंबईत खासगी वैद्यकी करणारे डॉक्टर होते. हे निदान सरकारी यंत्रणेतून आले नाही. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला वाटेल ती उपाययोजना करण्याचा आणि त्यासाठी कोणाही व्यक्तीला अधिकार देण्याचा मार्ग मोकळा झाला, पण एकही कायमचे पद निर्माण झाले नाही. पुण्यात हे अधिकार वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या हाती गेले आणि घरझडतीला लष्करी शिपाई आले. रोग्याला हाताळण्याचे शिक्षण नसलेली, लोकांना अनोळखी असलेली माणसे देवघरापर्यंत शिरली. लोकांनी रोगी लपवले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. साथीच्या कामाला कोण पाठवले जाते, यावर लोक सहकार्य करतील की दार लावून घेतील हे ठरते, याचा इतका जळजळीत पुरावा क्वचितच सापडेल. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या लहानशा प्रयोगशाळेतून पुढे परळची हाफकिन संस्था उभी राहिली. लष्करी पथके बराकीत परतली, प्रयोगशाळा मात्र टिकली, कारण साथ ओसरल्यावरही तिला लस बनवण्याचे रोजचे काम होते.

नजर ठेवणाऱ्यांची आधुनिक व्यवस्था १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. कोरियाच्या युद्धात जैविक अस्त्रांची भीती होती. तिचा आधार घेऊन साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी तरुण डॉक्टरांची एक तुकडी उभी केली. दोन वर्षांची नेमणूक, सुरुवातीचे थोडेसे वर्गशिक्षण आणि मग थेट क्षेत्रात काम, अशी तिची पद्धत होती. विषबाधा, पोलिओ, कावीळ, जिथे रोग तिथे हे लोक बॅग उचलून जायचे. जैविक हल्ला झाला नाही, पण तुकडीला काम कधी कमी पडले नाही. याच नमुन्यावर पुढे अनेक देशांनी क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञांचे प्रशिक्षण सुरू केले आणि दोन लाख लोकसंख्येमागे एक असा तज्ज्ञ असावा, हे प्रमाण जगभर उद्दिष्ट म्हणून स्वीकारले गेले.

भारतात या कामाचा केंद्रबिंदू दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आहे. १९०९ मध्ये कसौलीत मलेरियासाठी निघालेले कार्यालय १९६३ मध्ये संसर्गजन्य रोगांची राष्ट्रीय संस्था झाले आणि २००९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. विषाणूंचे काम पुण्याकडे आहे. १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्याने सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. जानेवारी २०२० च्या अखेरीस केरळमधल्या पहिल्या करोनाबाधिताचे निदान याच संस्थेत झाले. एवढ्या घाईत ते जमले, कारण इथले लोक वर्षभर डेंग्यू, निपाह, इन्फ्लुएंझा यांचे नमुने तपासतच असतात.

पण साथीची पहिली चाहूल दिल्लीत किंवा पुण्यात लागत नाही, ती उपकेंद्रावर लागते. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, तो याच जाणिवेतून. प्रत्येक जिल्ह्यात सर्वेक्षण कक्ष आणि तीन प्रपत्रे, अशी त्याची आखणी. एस प्रपत्र आरोग्य सेविका भरते आणि त्यात ताप, जुलाब, खोकला अशी नुसती लक्षणे असतात. पी प्रपत्र वैद्यकीय अधिकारी संशयित निदानासह भरतो, एल प्रपत्र प्रयोगशाळा भरते. एखाद्या गावात तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढले की आकड्यांत ते दिसावे आणि शीघ्र प्रतिसाद पथकाने गावात पोचावे, ही अपेक्षा. आता ही माहिती कागदाऐवजी संगणकीय पोर्टलवर जाते. रचना म्हणून यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. खोट पदांच्या स्वरूपात आहे. जिल्हा सर्वेक्षण अधिकारी हा बहुधा आधीच चार कार्यक्रम सांभाळणारा कायम अधिकारी असतो, तर साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, डेटा व्यवस्थापक ही मंडळी कंत्राटी. करार दर वर्षी नवा होतो, पगारात मोठी वाढ नसते, बढतीचा रस्ता नसतो. तीन-चार वर्षांत जिल्ह्यातला कोणता डॉक्टर फोन उचलतो, कोणत्या पाणीयोजनेची टाकी गळते, कोणत्या पाड्यावर सेविका पोचत नाही हे सगळे ज्याला ठाऊक झाले, तोच माणूस बरी नोकरी मिळाली की निघून जातो. नवा येतो तो प्रपत्रे भरणे तेवढे शिकतो.

नजर ठेवण्याचे काम आरोग्य खात्यापुरते नसते, हे महाराष्ट्राला फेब्रुवारी २००६ मध्ये कळले. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा पशुसंवर्धन खात्याची पथके कोंबड्या मारायला आणि पुरायला उतरली, आरोग्य खाते त्या पथकांची आणि आसपासच्या वस्तीची तपासणी करत होते. दोन खात्यांचे अधिकारी एकाच मैदानात, दोन वेगळ्या वरिष्ठांच्या हुकमांखाली. सह्याद्रीत माकडतापाने हाच प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा रोग २०१५ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात मोठ्या प्रमाणात दिसला. तिथे धोक्याची खूण म्हणजे जंगलात मेलेले माकड. ते पहिल्यांदा दिसते काजूच्या बागेत जाणाऱ्या शेतकऱ्याला किंवा वनरक्षकाला. शवविच्छेदन पशुवैद्यकाने करायचे, गोचिडी कीटकतज्ज्ञाने गोळा करायच्या, तापाच्या रुग्णाचे रक्त प्राथमिक आरोग्य केंद्राने घ्यायचे. या साखळीत एक कडी जरी सुट्टीवर असली तरी माकड कुजते आणि खूण हरवते. आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन यांच्यात तालुका पातळीवर ठरलेला माणूस आणि ठरलेला फोन नंबर असणे हे सज्जतेचे सर्वांत स्वस्त अंग आहे आणि बहुतेक आराखड्यांत तेच गाळलेले असते.

हुकूम कुणाचा, हा दुसरा भाग. इथे देशादेशांत मोठा फरक दिसतो. तैवानने २००३ च्या सार्सनंतर केंद्रीय साथ-नियंत्रण केंद्राची कायदेशीर तरतूद केली. एरवी हे केंद्र अस्तित्वात नसते. साथीची चाहूल लागली की ते सुरू होते आणि इतर मंत्रालयांचे अधिकारी त्याच्या हुकमाखाली येतात. २० जानेवारी २०२० रोजी, तैवानमध्ये एकही रुग्ण सापडण्यापूर्वी, ते सुरू झाले होते. दक्षिण कोरियाने धडा घेतला २०१५ च्या मर्समधून. तेव्हा १८६ जणांना लागण झाली, ३८ जण दगावले. रोगाचा माग काढणारे बहुतेक जण लष्करी सेवेच्या बदल्यात सरकारी काम करणारे तरुण डॉक्टर होते. मुदत संपली की ते जायचे आणि त्यांचा अनुभवही त्यांच्याबरोबर जायचा. मर्सनंतर रोग नियंत्रण केंद्राच्या प्रमुखाचा दर्जा उपमंत्र्याइतका झाला, चोवीस तास चालणारा आपत्कालीन कक्ष उभा राहिला, साथ-तपास अधिकाऱ्यांची किमान संख्या कायद्याने ठरवली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी चीनहून परतलेल्या कुटुंबाला अज्ञात न्यूमोनिया झाल्याची कल्पना करून सराव केला होता. काही आठवड्यांतच ती कल्पना प्रत्यक्षात उतरली. सप्टेंबर २०२० मध्ये या केंद्राला स्वतंत्र प्रशासनाचा दर्जा मिळाला, म्हणजे नेमणुका आणि खर्च यांसाठी मंत्रालयाच्या दारात जाण्याची गरज कमी झाली.

अमेरिकेत नेमके उलटे घडत गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलानंतर व्हाइट हाऊसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत जागतिक आरोग्य सुरक्षेचा वेगळा विभाग निघाला. २०१८ मध्ये तो दुसऱ्या विभागांत विलीन झाला आणि प्रमुख बाहेर पडले. करोनानंतर काँग्रेसने २०२२ च्या अखेरीस कायदा करून महासाथ सज्जतेचे कार्यालय निर्माण केले, २०२३ मध्ये त्याला संचालक मिळाला आणि २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर तेही जवळजवळ रिकामे झाले. राष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयातली पदे ताकदवान असतात, कारण ती सगळ्या खात्यांना जाब विचारू शकतात. त्याच कारणाने ती ठिसूळही असतात.

ब्रिटनचे उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. तिथे आराखडे होते, समित्या होत्या, ऑक्टोबर २०१६ मध्ये सायग्नस नावाचा तीन दिवसांचा मोठा सरावही झाला. त्यातून २२ शिफारशी निघाल्या. जून २०२० पर्यंत त्यांतल्या फक्त ८ पूर्ण झालेल्या होत्या. मधल्या काळात महासाथीच्या नियोजनावरची माणसे कराराविना युरोपीय संघ सोडण्याच्या तयारीला जुंपली गेली होती. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत चौकशीच्या पहिल्या अहवालाने ही बाब नोंदवली, शिवाय सगळी तयारी इन्फ्लुएंझा गृहीत धरून झाल्याचेही दाखवले. कागदावरच्या आराखड्यामागे माणूस नसेल तर आराखडा वाढत नाही, जुना होतो. साथ आल्यावर ब्रिटनने संपर्क शोधण्यासाठी खासगी कंपन्यांकडून हजारो दूरध्वनी कर्मचारी घेतले. पहिल्या काही महिन्यांत त्यांतल्या बहुतेकांना कामच नव्हते, आणि ज्यांना आपल्या भागातल्या गल्ल्या पाठ होत्या ते स्थानिक स्वराज्य संस्थांचे आरोग्य कर्मचारी बाजूला राहिले.

उसन्या माणसांनी साथ कशी आवरावी याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण नायजेरियाचे आहे. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून विमानाने आलेला एक आजारी प्रवासी लागोसला उतरला. दोन कोटींच्या आसपास वस्तीचे शहर आणि आत शिरलेला इबोला. खासगी रुग्णालयातल्या डॉ. स्टेला अदादेवोह यांनी त्याला दबाव येऊनही बाहेर जाऊ दिले नाही. पुढे त्यांचाही त्याच रोगाने मृत्यू झाला. सरकारने नवी संघटना उभारली नाही. पोलिओ निर्मूलनासाठी २०१२ पासून चालत असलेल्या आपत्कालीन केंद्राचे उपव्यवस्थापक डॉ. फैजल शुऐब यांना या मोहिमेचे प्रमुख केले आणि पोलिओच्या कामात तयार झालेल्या साथरोगतज्ज्ञांना लागोसला बोलावले. सुमारे ८९४ संपर्कांचा माग काढून त्यांच्या १८,५०० च्या आसपास प्रत्यक्ष भेटी झाल्या. घराघरांत जाऊन डोस पाजण्याची सवय असलेल्या माणसाला घराघरांत जाऊन ताप मोजायला नव्याने शिकवावे लागले नाही. २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर साथ थांबली आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. इथे पोलिओच्या अधिकाऱ्याबरोबर त्याची तयार टीमही आली होती. नुसत्या माणसाची बदली केली असती तर एवढे साधले नसते.

महाराष्ट्रात २०२० मध्ये हुकूम आला तो दोन कायद्यांतून, १८९७ चा साथरोग अधिनियम आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष म्हणून खासगी रुग्णालय ताब्यात घेण्यापासून शिक्षकांना कामाला लावण्यापर्यंतचे अधिकार दिले. जिल्हा शल्यचिकित्सक राज्याच्या आरोग्य विभागाखाली, जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि शहर महापालिकेकडे, अशा चार वाटांनी विभागलेल्या यंत्रणेला एका टेबलाशी बसवणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय हेच केंद्र झाले. वैद्यकीय निर्णयासाठी एप्रिल २०२० मध्ये डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा कृती गट नेमला गेला.

मुंबईत महापालिकेने जून २०२० मध्ये खाटांचे वाटप एका ठिकाणाहून काढून २४ वॉर्डांच्या वॉर रूममध्ये वाटले. प्रयोगशाळांना अहवाल थेट रुग्णाला न देता आधी महापालिकेला द्यावे लागत. रात्रीतून ते वॉर्डानुसार वेगळे होत आणि सकाळी वॉर रूममधून बाधिताच्या घरी फोन जाई. एका वॉर रूमला तीस दूरध्वनी, दहा डॉक्टर आणि दहा रुग्णवाहिका असे मापच ठरले होते. फोनवरचा शिक्षक वय, श्वास, घरात वेगळी खोली आहे का हे विचारी. डॉक्टर त्यावरून ठरवी की माणूस घरी राहील, अलगीकरण केंद्रात जाईल की अतिदक्षता विभागात. पडद्यावर रिकाम्या खाटा दिसत. धारावीत तर सरकारी माणूस पुरेसा नव्हताच. तिथले खासगी डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर लोक वर्षानुवर्षे बसत आले, ते संरक्षक पोशाख घालून पथकांबरोबर गल्लीत आले आणि दारे उघडली. पुण्याच्या १८९७ शी हा फरक लख्ख आहे.

राबणाऱ्या हातांत सर्वांत मोठा वाटा आशा स्वयंसेविकांचा होता. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या महिला सरकारी कर्मचारी नाहीत. त्यांना पगार नसतो, कामानुसार मोबदला मिळतो. देशात त्या दहा लाखांच्या घरात, महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर २०२० पासून घरोघर तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या त्या याच. करोनाच्या कामासाठी केंद्राने महिन्याला १,००० रुपये ठरवले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. गौरव योग्यच होता. पण ज्यांच्यावाचून महासाथीचा सामना करता येत नाही, त्यांना सरकार अजूनही स्वयंसेविका म्हणून मोजते, ही गोष्ट अन्यायाची आहे आणि पुढच्या साथीच्या दृष्टीने धोक्याचीही.

माणसे उसनी घेतली की मूळ काम मागे पडते, याचा हिशेब बहुतेक आराखड्यांत नसतो. आरोग्य सेविका सर्वेक्षणाला गेली की लसीकरणाचे सत्र रद्द होते, क्षयरोगाचा कर्मचारी कोविड केंद्रावर गेला की थुंकीचे नमुने थांबतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ उठली आणि लहान मुले दगावली. महासाथीच्या काळात चुकलेले डोस हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणून जाणकार आता दोन याद्या मागतात. साथीच्या कामावर कोण जाणार याची एक, आणि काहीही झाले तरी जागेवरून कोणाला हलवायचे नाही याची दुसरी.

कायम उपाय म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या स्वतंत्र संवर्गाकडे बोट दाखवले जाते. तमिळनाडूत तो फार पूर्वीपासून आहे. १९३९ च्या मद्रास सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या परंपरेत तिथे सार्वजनिक आरोग्याचे वेगळे संचालनालय आहे, त्यात येणाऱ्या डॉक्टरला त्या विषयाची पदविका घ्यावी लागते आणि बढती त्याच वाटेने मिळते. रुग्णालयातला शस्त्रक्रियातज्ज्ञ निवृत्तीआधी अचानक साथींचा प्रमुख होत नाही. केंद्राने २०२२ मध्ये असा सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांना दिल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ६४,००० कोटी रुपयांचे आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू झाले, ज्यात महानगरांतील सर्वेक्षण कक्ष आणि जिल्हा प्रयोगशाळा यांची तरतूद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ गटाने साथीचे पहिले शंभर दिवस निर्णायक मानून सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी वेगळा कायदा आणि त्याखाली प्रशिक्षित संवर्ग सुचवला.

जागतिक पातळीवर चौकट दिली आहे ती आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीने. २००५ ची ही नियमावली जून २००७ पासून लागू झाली आणि प्रत्येक देशाला चोवीस तास उपलब्ध असणारे एक संपर्क केंद्र नेमावे लागले. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांनुसार आता संपर्काच्या पलीकडे, देशभर नियमावलीच्या अंमलबजावणीचा मेळ घालणारे एक राष्ट्रीय प्राधिकरण हवे. भारतात आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे दिल्लीत असे प्राधिकरण नेमले तरी त्याचा हात जिल्ह्यापर्यंत पोचेल तो राज्याच्या पदांतूनच. जिल्हा सर्वेक्षण कक्षातल्या साथरोगतज्ज्ञाचा करार पुढच्या मार्चनंतर चालू राहील की नाही, हे आजही राज्याच्या अर्थसंकल्पावर आणि केंद्राकडून येणाऱ्या हप्त्यावर ठरते.